वाट किती पाहावी?

(नभोवाणीवरील भाषण)

मराठींत 'वाट पाहणें' हा शब्दप्रयोग इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्यांतील 'वाट' या शब्दाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. येणारा माणूस अद्याप दृष्टीच्या टप्प्यांत आलेला नसतो. समोर दिसत असते ती केवळ त्याची वाट. ती वाट किती लांब आहे, तिच्यावर ओढेनाले किती आहेत, चालणाऱ्याची चाल कशी आहे, हें ज्याला ठाऊक असतें त्यालाच किती वेळ थांबावें हें कळतें. ज्याला तें ठाऊक नसतें तो एक तर फार लौकर उठून जातो आणि मागाहून येणाऱ्याची व त्याची चुकामूक होते. नाहीं तर जो येणारच नाहीं त्याच्यासाठीं तो दिवसभर दारांत बसून राहतो.

औंढा नागनाथ येथील बसस्थानकावर उभे असलेले दोन प्रवासी डोळ्यांसमोर आणावे. एक त्याच गांवचा, दुसरा प्रथमच आलेला. दोघांनाहि हिंगोलीस जावयाचें आहे आणि गाडीची वेळ टळून दहा मिनिटें झालीं आहेत. गांवकरी निश्चिंत आहे. ही गाडी रोज कांहीं मिनिटें मागें असते, पावसाळ्यांत त्याहून अधिक, हें त्यानें शेंकडों वेळां अनुभविलें आहे. परंतु तीच गाडी तासाभरांत आली नाहीं म्हणजे तोच प्रथम म्हणतो, "आज कांहीं खरें नाहीं." नवखा प्रवासी मात्र दहाव्या मिनिटालाच अस्वस्थ होतो, आणि एकदां बसून राहिला म्हणजे दोन तासहि बसून राहतो. दोघांमध्यें अंतर आहे तें धीराचें नव्हे, माहितीचें. नवख्याजवळ मोजण्यासाठीं कांहीं नाहीं.

जी अडचण या नवख्या प्रवाशाची, तीच अडचण एखाद्या जाळ्यांत नव्यानें प्रविष्ट होणाऱ्या यंत्राची. आणि योगायोग असा कीं, पृथ्वीवरील एका विलक्षण जाळ्यांत नव्यानें येऊं घातलेलें एक यंत्र याच औंढा नागनाथच्या परिसरांत उभें राहावयाचें आहे.

हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. महाराष्ट्राला त्याची ओळख आहे ती मुख्यतः दोन नांवांनीं: नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूज्य असलेली नरसी आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणलें जाणारें औंढ्याचें नागनाथाचें देवालय. विसोबा खेचरांनीं नामदेवांना येथेंच गुरूपदेश केला असें परंपरा सांगते. नामदेव कीर्तन करीत असतां त्यांना देवळाच्या मागल्या बाजूस जाण्यास सांगण्यांत आलें, आणि तेव्हां देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झालें, ही आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. हें फिरलेलें देऊळ श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची आठवण काढावी लागणार आहे.

या देवालयापासून फारशा दूर नसलेल्या दुधाळा गांवाच्या शिवारांत 'लायगो-इंडिया' या प्रयोगशाळेची जागा आहे. केंद्र सरकारनें या योजनेस तत्त्वतः मान्यता १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं दिली. सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास पूर्ण मंजुरी ६ एप्रिल २०२३ रोजीं मिळाली, आणि त्याच वर्षीं ११ मे या दिवशीं कोनशिला बसविण्यांत आली. पुण्याचें 'आयुका', इंदूरचें राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचें बांधकाम खातें अशा चार संस्थांचा या कार्यांत हात आहे.

यंत्राचें काम ऐकण्याचें. दूरच्या विश्वांत दोन कृष्णविवरें किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले म्हणजे अवकाशालाच कंप सुटतो; तो कंप प्रकाशाच्या गतीनें सर्वत्र पसरतो. त्या लहरींना गुरुत्वीय लहरी म्हणतात. काटकोनांत ठेवलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून जाऊन परतणारा लेसरचा किरण, आणि लहर येतांच त्या दोन भुजांच्या लांबींत पडणारा फरक, असें या यंत्राचें स्वरूप. हा फरक किती? अणूच्या गर्भांतील प्रोटॉन नामक कणाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा. इतक्या नाजूक कानाला रस्त्यावरील मालगाडी, दूरचा भूकंप, समुद्राच्या लाटा, स्वतःच्याच तारांतील कुरकुर, हें सर्वहि ऐकूं येतें. म्हणून अशा एकट्या यंत्राची साक्ष सहजासहजीं ग्राह्य धरीत नाहींत. शिवाय प्रत्येक यंत्र आकाशाच्या कांहीं दिशांना जवळजवळ बहिरें असतें, आणि आख्यायिकेंतलें देऊळ फिरलें तसें हें यंत्र फिरूं शकत नाहीं. जें एकाला ऐकूं येणार नाहीं तें निराळ्या कोनांत बसलेल्या दुसऱ्यानें ऐकावें, हा त्यावर एकच उपाय. त्यामुळें हें एक यंत्र नव्हे, यंत्रांचें जाळें आहे. अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन, इटलींत पिसा शहराजवळील व्हर्गो, जपानांत कामिओकाच्या डोंगराखालील काग्रा, अशीं त्याचीं मोठीं ठाणीं. त्यांत राजा कोणी नाहीं व प्रजा कोणी नाहीं; एकाच्या साक्षीला दुसऱ्याची साक्ष जुळली म्हणजे ती घटना खरी.

आतां प्रश्न असा कीं, एका ठाण्यानें कांहीं ऐकलें तर दुसऱ्याच्या साक्षीची वाट किती पाहावी?

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं ३ वाजून २० मिनिटांनीं, इतिहासांत प्रथमच अशी लहर टिपली गेली. ती प्रथम लिव्हिंग्स्टनला पोंचली आणि सुमारें ७ मिलिसेकंदांनीं, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सातपट काळानें, हॅनफर्डला. या दोन ठाण्यांत सरळ रेषेनें सुमारें ३,००० किलोमीटर अंतर आहे आणि तें तोडण्यास प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात. लहर कोणत्याहि दिशेनें आली तरी दोन ठाण्यांवरील तिच्या आगमनांत यापेक्षां अधिक अंतर पडणें शक्यच नाहीं. शास्त्रज्ञांनीं मुदत ठरविली ती १५ मिलिसेकंदांची: दहा वाटेचे, आणि पांच क्षीण आवाजाच्या आगमनाचा नेमका क्षण ओळखण्यांत होणाऱ्या चुकीसाठीं. या मुदतींत दोन्हीकडे सारखाच नाद उमटला तर तो विचारांत घ्यावयाचा. मुदतीबाहेर उमटला तर त्या दोन आवाजांचा संबंध नाहीं असें समजावयाचें.

मुदत ठरविण्याचें संपूर्ण शास्त्र या लहानशा बेरजेंत सांठविलेलें आहे. वाटेचा वेळ, आणि त्यावर अनिश्चिततेची सूट. मुदत दहाहून कमी ठेवली तर खऱ्या लहरीहि नाकारल्या जातील. ती एक सेकंद ठेवली तर एकीकडची मालगाडी व दुसरीकडचा भूकंप यांचीहि जोडी जमेल, आणि खोट्या साक्षींचा सुकाळ होईल. अशा खोट्या जोड्या किती जमतात हें मोजण्याची युक्तीहि मोठी मार्मिक आहे. एका ठाण्याच्या नोंदी मुद्दाम वाटेच्या वेळेहून अधिक मागेंपुढें सरकवावयाच्या आणि मग पुन्हां जोड्या शोधावयाच्या. आतां ज्या जुळतील त्या निश्चित खोट्या, कारण तेवढ्या अंतरानें खरी लहर येऊंच शकत नाहीं. १६ दिवसांच्या नोंदी अशा फिरवून फिरवून ६,०८,००० वर्षांएवढा काळ तपासला गेला, आणि त्या सप्टेंबरांतल्यासारखी जोडी निवळ योगायोगानें २,०३,००० वर्षांत एकदांहि जमणार नाहीं असा निष्कर्ष निघाला. मुदत आधीं विचारपूर्वक आंखलेली होती म्हणूनच हें छातीठोकपणें सांगतां आलें.

ही झाली निसर्गानें घालून दिलेली मुदत. तेथें वाट सरळ आहे, पृथ्वीच्या पोटांतूनहि लहर न अडतां जाते, आणि चाल कधींहि बदलत नाहीं. परंतु या ठाण्यांनीं ऐकलेली वार्ता एकमेकांस कळवावयाची ती तारांतून, संगणकांच्या जाळ्यांतून. आणि तेथील वाटा माणसांच्या वाटांसारख्या आहेत. कधीं मोकळ्या, कधीं तुंबलेल्या. तेथें मुदत भूमितीनें ठरत नाहीं, अनुभवानें ठरवावी लागते. हा भेद न ओळखल्यास काय होतें याचें उदाहरण १९८६ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांत घडलें.

बर्कली येथील प्रयोगशाळा आणि तेथीलच विद्यापीठ यांच्यांत अंतर अवघें ४०० यार्ड. त्यांमधील तारेवरून सेकंदाला ३२,००० संज्ञा जात असत. एके दिवशीं तें प्रमाण ४० वर आलें. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलें नव्हतें. झालें होतें तें असें: वाट थोडी तुंबली, उत्तरें यावयास उशीर होऊं लागला; पाठविणाऱ्यांनीं वाट पाहण्याची मुदत लहान ठेवलेली असल्यामुळें, निरोप हरवला असें समजून तोच निरोप पुन्हां धाडला; त्यामुळें वाट अधिक तुंबली, उत्तरें अधिक लांबलीं, आणि अधिक निरोप पुन्हां धाडले गेले. जत्रेच्या अरुंद बोळांत, पुढचा हलत नाहीं म्हणून प्रत्येकानें मागून रेटा द्यावा तसाच हा प्रकार. व्हॅन जेकबसन या संशोधकानें १९८८ सालीं त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. उत्तर यावयास सरासरी किती वेळ लागतो एवढेंच पाहणें पुरेसें नाहीं. तो वेळ सरासरीपासून किती ढळतो हेंहि पाहिलें पाहिजे, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा. पुढें रूढ झालेल्या रीतींत सरासरी वेळांत त्या चढउताराची चौपट मिळवून मुदत ठरविली जाते. ज्याचें येणें नियमित त्याची वाट थोडी पाहावी. ज्याचें येणें लहरी त्याची अधिक पाहावी. औंढ्याचा गांवकरी हेंच करीत होता.

परंतु नवख्याचें काय? त्याच्याजवळ सरासरीहि नाहीं आणि चढउतारहि नाहीं. त्याला आरंभ कोठून तरी करावाच लागतो. आंतरजालावरील संगणकांसाठीं ही आरंभींची मुदत पूर्वीं ३ सेकंदांची होती. बहुतेक वाटा पुष्कळ सुधारल्या आहेत हें प्रत्यक्ष मोजून पाहिल्यावर २०११ सालीं ती १ सेकंदावर आणण्यांत आली. म्हणजे अज्ञानाच्या अवस्थेंत मुदत उदार असावी आणि माहिती येत जाईल तसतशी ती नेमकी करीत जावी. त्याबरोबर दुसराहि नियम आहे: उत्तर न आल्यास पुढल्या खेपेस मुदत दुप्पट करावयाची, त्या पुढल्या खेपेस पुन्हां दुप्पट. दार वाजवून कोणी ओ दिली नाहीं तर सभ्य पाहुणा अधिक जोरानें धक्के मारीत नाहीं. थोडें अधिक थांबून पुन्हां कडी वाजवितो. शिवाय एकच निरोप दोनदां धाडला असतां आलेलें उत्तर कोणत्या निरोपाचें हें कळत नाहीं. अशा संदिग्ध उत्तरावरून वाटेचा वेळ मोजूं नये, असाहि दंडक आहे. खोट्या मापानें शिकण्यापेक्षां न शिकणें बरें.

ज्या जाळ्यांत मुख्य संगणक कोणीच नसतो, सर्व समान असतात, त्यांत नवागताची परीक्षा अधिक कठीण. त्याच्या हातांत चार-दोन जुन्या ठाण्यांचे पत्ते असतात, आणि त्यांतील कोणीं केव्हांच आपलें बिऱ्हाड हलविलें असेल याचा नेम नसतो. एकेका मृत पत्त्यापाशीं मोठी मुदत थांबला तर जाळ्यांत शिरण्यालाच त्याचा सारा वेळ जावयाचा. मुदत फार लहान ठेवली तर दूरचीं पण जिवंत ठाणीं तो मेलीं म्हणून वगळणार. पेतार मायमुन्कोव्ह व दाव्हिद मॅझिएर यांनीं २००२ सालीं 'कॅडेम्लिया' नांवाची जी योजना मांडली, तींत यावर दोन तोडगे आहेत. पहिला असा कीं, एकाच्याच दारीं ताटकळत न बसतां एकाच वेळीं तिघांना विचारावें. एकाचें मौन मग सर्वांचा खोळंबा करीत नाहीं. दुसरा असा कीं, जें ठाणें दीर्घ काळ टिकलें आहे त्यावर नव्यापेक्षां अधिक विश्वास ठेवावा. कारण जें पुष्कळ वेळ जागें राहिलें तें पुढील तासभरहि जागें राहण्याचा संभव अधिक, असें पूर्वींच्या एका जाळ्याच्या पाहणींत आढळून आलें होतें. आणि नवागतानें जाळ्यांत येतांच प्रथम काय विचारावयाचें? स्वतःचाच पत्ता. तो विचारतां विचारतां त्याला शेजाऱ्यांची ओळख होते आणि शेजाऱ्यांना त्याची.

तथापि मुदत कितीहि चतुराईनें ठरविली तरी एक गोष्ट तिच्या आवांक्याबाहेरची राहते. मुदत संपली आणि उत्तर आलें नाहीं. याचा अर्थ समोरचा नाहीं असा, कीं तो आहे पण त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नाहीं असा? मौन दोहोंचेंहि सारखेंच. त्याचा उलगडा घड्याळ करूं शकत नाहीं. १७ ऑगस्ट २०१७ चा दिवस हें जितकें स्पष्ट दाखवितो तितकें दुसरें कांहीं दाखवीत नाहीं.

इटलींतील व्हर्गो हें ठाणें त्या वर्षीं १ ऑगस्ट रोजीं अमेरिकेच्या दोन ठाण्यांना येऊन मिळालें होतें. जाळ्यांतील तें नवखें, आणि त्याचा कानहि त्या दोघांहून मंद. सतराव्या दिवशीं, भारतीय वेळेप्रमाणें सायंकाळीं ६ वाजून ११ मिनिटांनीं, सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर आली. स्वयंचलित यंत्रणेनें प्रथम हॅनफर्डच्या एकट्याच साक्षीची वर्दी दिली. लिव्हिंग्स्टनला लहर पोंचली नव्हती काय? पोंचली होती, परंतु ताऱ्यांच्या मीलनाच्या सुमारें एक सेकंद आधीं तेथील यंत्रांत एक मोठा खडखडाट झाला, आणि यंत्रणेनें तेवढा भागच सदोष म्हणून बाजूस काढला. माणसांनीं डोळे घालून तो आलेख पाहिला तेव्हां खडखडाटाच्या मागें ताऱ्यांची चढत जाणारी तान स्पष्ट दिसली. ज्याला मौन समजलें गेलें तें मौन नव्हतेंच.

आणि व्हर्गो? लहर व्हर्गोवरून सर्वांत आधीं गेली. तेथून २२ मिलिसेकंदांनीं लिव्हिंग्स्टनला व आणखी ३ मिलिसेकंदांनीं हॅनफर्डला पोंचली. तरीहि व्हर्गोनें ती जवळजवळ ऐकलीच नाहीं. पण व्हर्गो त्या क्षणीं जागें होतें, त्याची प्रकृति ठीक होती, याची स्वतंत्र नोंद होती. तेव्हां त्याच्या मौनाचा अर्थ एकच उरला: लहर त्याच्या बहिऱ्या दिशेनें आलेली आहे. आकाशाचा एवढा लहान तुकडा एकदम नजरेंत भरला. दोनच ठाण्यांच्या साक्षीवरून शोधाचें क्षेत्र सुमारें १९० वर्ग अंश होतें. तिसऱ्याच्या मौनाची जोड मिळून तें अखेर २८ वर्ग अंशांवर आलें. त्या आधारानें चिली देशांतील दुर्बिणीनें घटनेनंतर अकरा तासांच्या आंत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेंत तो नवा प्रकाश शोधून काढला. व्हर्गोचा दिवा त्या सायंकाळीं विझलेला असता तर त्याच्या मौनाला शून्य किंमत राहिली असती. म्हणून जाळ्यांतील प्रत्येक ठाण्यानें, सांगण्यासारखें कांहीं नसलें तरी, 'मी जागा आहें' एवढें तरी ठराविक वेळानें कळवीत राहावें, हा नियम झाला. रात्रीं गस्त घालणारा पहारेकरी हांक देतो ती चोर दिसला म्हणून नव्हे.

त्या प्रकाशाचा निळसर भाग कांहीं दिवसांतच ओसरला. तेव्हां वाट पाहण्यालाहि मोल द्यावें लागतें, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. सर्व साक्षी पूर्ण जमेपर्यंत थांबावें तर दाखविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. पहिल्याच साक्षीवर धांवावें तर दुर्बिणी भलत्याच आकाशांत रात्र घालवितात. त्यावर काढलेला मार्ग असा कीं, प्रथम हातीं असेल तेवढ्या साक्षीवर वर्दी द्यावी, आणि नवी साक्ष येईल तसतशी ती सुधारीत जावें. मुदत संपली म्हणजे निर्णय घ्यावा लागतो. परंतु तो निर्णय शेवटचाच मानला पाहिजे असें नाहीं.

जपानच्या काग्रानें नवागताच्या नशिबाची दुसरी बाजू अनुभविली. तें यंत्र २०२० च्या फेब्रुवारीअखेर निरीक्षण करूं लागलें. परंतु महासाथीमुळें अमेरिकेंतील व इटलींतील ठाण्यांनीं २७ मार्च रोजीं आपलें काम आटोपतें घेतलें. एप्रिलांत काग्राच्या सोबतीला उरलें तें जर्मनींतील 'जिओ ६००' हें लहान ठाणें एकटेंच. पुढें १ जानेवारी २०२४ च्या नोतो द्वीपकल्पांतील भूकंपानें काग्राची हानि झाली. जाळ्यांत येणाऱ्यानें दुसरे नेहमींच दारांत उभे असतील असें धरून चालूं नये, आणि दुसऱ्यांनींहि नवागत ठरल्या दिवशींच येईल असें धरून चालूं नये.

आतां हिंगोलीकडे पुन्हां वळावें. औंढ्याहून हॅनफर्ड पृथ्वीच्या पोटांतून सरळ रेषेनें सुमारें साडेदहा हजार किलोमीटर, म्हणजे लहरीला सुमारें ३५ मिलिसेकंदांची वाट. लिव्हिंग्स्टन सुमारें ३८, व्हर्गो सुमारें २१. पृथ्वीचा व्यासच प्रकाशाला सुमारें ४३ मिलिसेकंदांचा असल्यामुळें याहून फार मोठी वाट पृथ्वीवर कोठें सांपडणार नाहीं. अमेरिकेच्या दोन ठाण्यांना पुरलेली १५ मिलिसेकंदांची मुदत औंढ्याशीं जोडी जमवितांना अर्थातच अपुरी पडेल. ती पन्नासाच्या जवळपास न्यावी लागेल, आणि मुदत वाढली कीं योगायोगानें जमणाऱ्या खोट्या जोड्याहि वाढतील. ही नुकसानी खरी आहे. परंतु तिची भरपाई दोन प्रकारांनीं होते. एक तर तिसऱ्या, चौथ्या साक्षीदाराचीहि जुळणी असावी अशी अट घालतां येते आणि खोटें टिकत नाहीं. दुसरें असें कीं, वाट जितकी लांब तितका दोन ठाण्यांवरील आगमनाच्या वेळांतील फरक मोठा, आणि जितका फरक मोठा तितकी लहर आली ती दिशा नेमकी सांगतां येते. जें दूरत्व वाट पाहावयास लावतें, तेंच दूरत्व दिशा दाखवितें. औंढ्याचें माहात्म्य आहे तें या दूरत्वांत.

तारेनें जाणाऱ्या निरोपाची गोष्ट मात्र निराळी. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटरच जातो, आणि त्याला पृथ्वीच्या पाठीवरून वळसा घालून जावें लागतें. औंढ्याहून हॅनफर्डला निरोप जाऊन उत्तर परत येण्यास, मधल्या सर्व वाटा मोकळ्या असल्या तरी, सव्वाशें मिलिसेकंदांहून कमी वेळ लागूं शकत नाहीं. ज्यानें याहून लहान मुदत ठेवली तो औंढ्याला जन्मापासूनच मृत ठरवील. त्यापुढची सूट किती ठेवावी हें मात्र कोणाला आज पुण्यांत किंवा पॅसाडेनांत बसून सांगतां येणार नाहीं. तें निरोप जाऊं-येऊं लागल्यावर, कोरड्या दिवशीं व पावसाळ्याच्या दिवशीं मोजूनच ठरेल.

या सर्व विचाराचा पाया घालण्यांत मराठी प्रदेशाचा वाटा लहान नाहीं. गोंगाटांतून लहरीचा नाद ओळखण्यासाठीं आधीं रचून ठेवलेल्या नमुन्यांशीं तो ताडून पाहावा, या पद्धतीवर संजीव धुरंधर यांनीं बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ सालीं महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. आणि दूरदूरच्या ठाण्यांचें जाळें हें जणूं एकच यंत्र मानून ऐकावें कसें, हें त्यांनीं अर्चना पै व सुकांत बोस यांच्यासह २००१ सालीं मांडलें. तेव्हां भारतांत असें यंत्र होईल हें स्वप्नच होतें. भारतीय शास्त्रज्ञांचा यासाठींचा संघ २००९ सालीं स्थापन झाला. तत्त्वतः मान्यतेपासून पूर्ण मंजुरीपर्यंत सात वर्षें लोटलीं. आणि मंजुरीच्या वेळीं यंत्र पुरें होण्याचें वर्ष सांगितलें गेलें तें २०३०. मिलिसेकंदांचा हिशेब करणाऱ्या या विद्येच्या वाट्याला वाट पाहणें आलें तें दशकांचें. परंतु तेथेंहि नियम तोच: ज्यांना वाटेची लांबी ठाऊक होती ते निराश होऊन उठून गेले नाहींत, आणि हात जोडून स्वस्थहि बसले नाहींत. मधल्या काळांत त्यांनीं विद्यार्थी तयार केले, जमीन पाहिली, तिचे कंप मोजले, आणि दूरच्या ठाण्यांच्या नोंदी वाचून आपला कान तयार केला.

उतावळेपणा आणि आळस हे दोन दोष परस्परविरुद्ध वाटतात. पण त्यांचें मूळ एकच आहे, तें म्हणजे वाट न मोजणें. एक लौकर उठतो, दुसरा उठतच नाहीं. मोजीत मात्र दोघेहि नाहींत. जो मोजतो तो किती थांबावयाचें हें आधीं ठरवितो, चुकण्यासाठीं थोडी सूट ठेवतो, उत्तर न आल्यास रागावत नाहीं, आणि मुदत टळून आलेल्यालाहि दाराबाहेरून परतवीत नाहीं. गप्प राहिलेल्याविषयीं तर तो प्रथम चौकशी करतो कीं, हा जागा आहे ना?

ज्या दिवशीं औंढ्याचें यंत्र कान लावून बसेल, त्या दिवशीं त्याच्याहि वांट्याला पहिल्यानें बहुधा मौनच येईल. त्या मौनालाहि किंमत असेल. मात्र त्यासाठीं हिंगोलीच्या माळावरून 'जागा आहें' ही हांक अखंड जात राहिली पाहिजे.